‘स्वयंशिक्षित’ या शब्दाआड

दिवसा गवंड्याच्या हाताखाली विटा वाहणारा किंवा लोकांच्या घरांना रंग देणारा एखादा तरुण रात्री बल्बच्या उजेडात चित्रे काढतो, अशी बातमी मराठी वृत्तपत्रांच्या जिल्हा पुरवण्यांत वर्षातून दोन-चार वेळा हमखास झळकते. तिचा साचा ठरलेला असतो. ‘परिस्थितीवर मात’, ‘जिद्द आणि चिकाटी’, ‘कोणाचेही मार्गदर्शन नसताना’ हे शब्द त्यात असावेच लागतात. शेजारी छायाचित्र असते. त्यात शाल, श्रीफळ आणि तालुक्याचा एखादा पुढारी असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तरुण पुन्हा मजूर अड्ड्यावर उभा राहतो. त्याला रोज किती मिळतो, रंगाची एक नळी घेण्यासाठी त्या रोजाचा कितवा हिस्सा जातो, चित्र काढून झाल्यावर झोपेला किती तास उरतात, हे तीन प्रश्न बातमीदाराने त्याला विचारल्याचे सहसा आढळत नाही. कारण ते विचारले, तर कौतुकाची बातमी पाहता पाहता तक्रारीची होईल.

या बातम्यांतला सर्वांत लाडका शब्द ‘स्वयंशिक्षित’ हा आहे. तो ऐकायला गौरवाचा वाटतो. पण त्याचा अर्थ नीट लावला, तर तो त्या माणसाच्या गुणापेक्षा समाजाच्या एका चुकलेल्या कर्तव्याचे वर्णन करतो. ज्याला कोणी शिकवले नाही, तो स्वयंशिक्षित. मग का शिकवले नाही? मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालय १८५७ मध्ये सुरू झाले. पुढे नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथेही शासकीय कला महाविद्यालये उभी राहिली. प्रवरेच्या काठावरच्या संगमनेरमधून यांपैकी कोठेही शिकायला जायचे, तर घरातला एक कमावता हात चार-पाच वर्षे कमी करावा लागतो. ज्या घरात हातांची मोजदाद चुलीवरच्या भाकरीशी होते, तिथे हा निर्णय मुलाच्या गुणवत्तेवर ठरत नाही. त्याच्याही आधीची पायरी शाळेची. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा पुरोगामी म्हणून नावाजला गेला. पण त्याच्या परिशिष्टाप्रमाणे कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळेलाच. अकोले-संगमनेरच्या डोंगराळ पट्ट्यातल्या वाडीवस्तीवरच्या शाळांत एवढी मुले कोठून येणार? मूल जितके आडवळणाला, तितका त्याचा कलेवरचा हक्क कमी, असे कायद्यानेच ठरवून टाकले आहे. एवढे केल्यावर त्यातून एखादा आपल्या बळावर उभा राहिला, की त्याला ‘स्वयंशिक्षित’ म्हणून शाल घालायची! ज्याला विहिरीवर येऊ दिले नाही, त्याने नदीपात्रात झरा खणला म्हणून त्याची पाठ थोपटण्यातला हा प्रकार आहे.

संगमनेर हे अनंत फंदींचे गाव. पेशवाईच्या उत्तरार्धातला हा शाहीर गावाला आजही आपला वाटतो. या मातीने शाहीर दिले, कीर्तनकार दिले, तमाशात नावारूपाला आलेले कलावंत दिले. महाराष्ट्राच्या श्रमिक वर्गाचेही तसेच. अण्णाभाऊ साठे गिरणीतून आले. नारायण सुर्वे गिरणीतून आणि शाळेच्या शिपायाच्या नोकरीतून आले. परंतु या मालिकेत चित्रकार किती, असे विचारले तर बोटेसुद्धा पुरी वापरावी लागत नाहीत. कष्टकऱ्यांना रंगरेषेचे वावडे आहे, असे याचे कारण कोणी सांगेल तर त्याने पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगे पाहावीत, वारल्यांच्या भिंती पाहाव्यात, घोंगडीचा काठ पाहावा. खरे कारण अगदी साधे, भौतिक आहे. शाहिराला गळा पुरतो. साच्यावर उभा असलेला कामगार ओळ मनात घोळवू शकतो, ओव्या जात्यावर सुचतात, विड्या वळणारी बाई ऐकू शकते आणि गाऊही शकते. चित्रकाराला मात्र भिंत लागते, कागद लागतो, रंग लागतो, उजेड लागतो, अर्धे चित्र मुलांच्या पायाखाली येणार नाही एवढी जागा लागते. आणि मुख्य म्हणजे हात लागतो. मजुराने दिवसभरासाठी विकलेली वस्तू नेमकी तीच असते. गळा विकून कोणी सिमेंटची पाटी उचलत नाही, पण हात विकावा लागतो आणि संध्याकाळी तो परत मिळतो तेव्हा तो सुजलेला असतो, चुन्याने फाटलेला असतो, बारीक रेघ ओढताना थरथरत असतो. मजूर-कवी आणि मजूर-चित्रकार यांच्या वाट्याला आलेल्या अडचणींतला हा फरक मराठी समीक्षेने फारसा विचारात घेतलेला नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांचे हात बहुधा मोकळे होते.

‘अस्सल प्रतिभेला वाट मिळतेच’ असे म्हणणारे लगेच नावे पुढे करतात. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर घ्या. ते ज. जी. मध्ये शिकले नाहीत, चित्रकलेचे कोणतेही प्रमाणपत्र त्यांच्याकडे नव्हते. हे सारे खरे. पण १८९० मध्ये जन्मलेले बाबूराव कृष्णराव मेस्त्री एका कसबी सुताराच्या घरात वाढले. लाकूड, लोखंड आणि मूर्तिकाम यांत त्या घराचा हात बसलेला होता. चुलतभाऊ आनंदराव हे त्यांचे सोबती होते. दोघांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले आणि त्या पडद्यांची कीर्ती साऱ्या महाराष्ट्रात झाली. म्हणजे त्यांच्या हाताचे पोटासाठीचे काम आणि त्यांच्या हाताची साधना ही एकाच दिशेने जात होती. पडदा रंगवण्याचे पैसे मिळत होते. पडदा रंगवता रंगवता दृष्टी तयार होत होती. त्यांच्याभोवती संगीत रंगभूमी भरात होती, शाहू छत्रपतींच्या राज्यात कलावंतांना आसरा होता. पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढताना तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल दिले. या माणसाने परदेशी कॅमेऱ्याचा अभ्यास करून स्वतःचा कॅमेरा जुळवला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ आणि १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या जाचाने जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी भारतीय पडद्यावर इतक्या लवकर आला, तो या सुताराच्या मुलामुळे. बाबूरावांची थोरवी यात तसूभर कमी होत नाही. उलट तिचा खरा धडा हाच आहे की ते ‘एकटे’ कधीच नव्हते. घरातला कसब, भाऊ, नाटक कंपनी, दरबार, भांडवल पुरवणारी कलावंत बाई, हे सारे मिळून त्यांचे कलाविद्यालय होते. फक्त त्याच्या दारावर पाटी नव्हती.

तशी बिनपाटीची विद्यालये तालुक्याच्या गावांतही होती. पुणे-नाशिक रस्त्यावरच्या संगमनेरसारख्या गावात दुकानांच्या पाट्या, मालमोटारींची मागची फळी, झेडपीच्या शाळांच्या ‘बोलक्या भिंती’, गणपतीच्या आराशीचे पडदे आणि निवडणुकीच्या घोषणा रंगवणारे पेंटर असत. त्यांच्या हाताखाली पोऱ्या म्हणून आलेला मुलगा आधी ब्रश धुवायला शिके, मग सूत मारायला, मग अक्षर भरायला, आणि एक दिवस चौकटी पाडून लहान चित्र मोठे करायला. मकबूल फिदा हुसेन हे पंढरपूरला जन्मलेले चित्रकार मुंबईत सिनेमाचे फलक रंगवूनच उभे राहिले. त्यांचे पहिले मोठे कॅनव्हास रस्त्यावरच होते. या शतकाच्या सुरुवातीला फ्लेक्सचे छापील फलक आले आणि दहा-पंधरा वर्षांत हा धंदा बसला. पाटी स्वस्त झाली, एका रात्रीत मिळू लागली. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांची त्यामुळे फार सोय झाली. पेंटरांपैकी बरेच जण इमारतींच्या रंगकामावर गेले, काही जण मिळेल त्या रोजंदारीवर. एखादी शाळा बंद पडली तर मोर्चा निघतो. श्रमिकांची ही कलाशाळा गावोगाव बंद पडली, तेव्हा ती शाळा होती हेही कोणाच्या लक्षात आले नाही. फ्लेक्सच्या फलकावर चळवळीतल्या संघटनांचीही नावे छापली जात होती, हे येथे नमूद केले पाहिजे.

दुसरे नाव सांगितले जाते ते जिव्या सोमा म्हसे यांचे. १९३४ साली जन्मलेला, डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा हा वारली शेतमजूर. लहानपणी आई गेली आणि कित्येक वर्षे हा मुलगा बोलेना. धुळीत चित्रे काढून तो आपले म्हणणे सांगे, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, आणि २०१८ साली निधन. त्यांची चित्रे युरोपच्या संग्रहालयांत गेली. पण या कथेत ज्यांचे नाव घाईघाईने उरकले जाते, ते भास्कर कुलकर्णी वस्तुतः अधिक विचार करण्याजोगे आहेत. कुलकर्णी स्वतः चित्रकार. अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या कामावर असताना १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीला धाडले. तिथल्या बाया लग्नघराच्या भिंती रंगवीत. कुलकर्णींनी त्यांच्या हातात कागद दिला, चित्राचे पैसे दिले आणि दुष्काळी मदतीचा एक नवाच प्रकार जन्माला आला. मग सत्तरीच्या दशकात हेच गृहस्थ वारली पाड्यांवर कागद आणि रंग घेऊन गेले. तिथेही लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सुवासिनींचा होता. चित्राला बाजार मिळाल्यावर पुरुष पुढे आले आणि ज्या बायांच्या बोटांतून ही लिपी शतकानुशतके चालत आली, त्यांची नावे आज सांगता येत नाहीत. ‘स्वयंशिक्षित’ हा शब्द किती फसवा आहे, याचा हा आणखी एक पुरावा. म्हसे यांनाही कोणीतरी शिकवले होते. ते शिक्षक निरक्षर होते, आणि स्त्रिया होत्या, एवढेच.

या इतिहासाला एक टोचणारी बाजू आहे. मधुबनीनंतर पाच-सहा वर्षांतच, १९७२ मध्ये, महाराष्ट्रावर दुष्काळ कोसळला. अहमदनगर जिल्ह्याने तो चांगलाच भोगला. लाखो स्त्री-पुरुष खडी फोडायला बसले, त्या अनुभवातून रोजगार हमी योजना वाढली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असा तो कायदा आणि त्यामागे श्रमिक संघटनांचा रेटा होता. पाझर तलाव, बांध, रस्ते हवेच होते. त्यांची टिंगल करणे हा अपराध ठरेल. तरीही प्रश्न उरतो. बिहारच्या दुष्काळग्रस्त बाईच्या हातात कागद ठेवणारा माणूस मराठी होता, मग मराठी दुष्काळग्रस्ताच्या हातात फक्त हातोडाच का आला? ज्या हजारो हातांना सुतारकाम, विणकाम, मूर्तिकाम, रंगकाम येत होते, त्या सर्वांना शासनाने एकच गोष्ट करायला लावली. श्रमिक म्हणजे केवळ स्नायू, ही समजूत गिरणीमालकाची असते हे ठाऊक आहे. ती रोजगार हमीच्या हजेरीपटावरही उतरली आणि त्या पटावर हजेरी वाढावी म्हणून झगडणाऱ्यांनाही ती खटकली नाही.

आता वेळेचा प्रश्न. कारण रंग उधार मिळतो, कागद कोणी देऊ शकतो, वेळ कोणी देत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. त्या लढ्यातून हिंदुस्थानातल्या कामगाराला पहिल्यांदा स्वतःचा म्हणता येईल असा एक दिवस लाभला. त्यानंतर एकशे पस्तीस वर्षांनी, ३ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि वीस वा अधिक कामगारांच्या दुकाने-आस्थापनांत ९ वरून १० तासांवर नेण्यास मान्यता दिली. कारखान्यांतील जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ तासांवरून १४४ वर गेली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता २९ कायद्यांच्या जागी अंमलात आणल्या गेल्या. यावर समर्थन असे की, जादा तासांना दुप्पट मोबदला आहे आणि कामगाराची लेखी संमती लागणार आहे. ज्याच्या घरी दोन महिन्यांचे भाडे थकले आहे, त्याची लेखी संमती म्हणजे काय असते, हे संमतीचा नमुना तयार करणाऱ्याला ठाऊक नसावे असे मानणे कठीण आहे. बारा तासांची पाळी, जाण्या-येण्याचे दोन तास, जेवण, झोप. यांची बेरीज केल्यावर चित्रासाठी जे उरते ते शून्याच्या खाली जाते. वेतनवाढीच्या मागणीत ही हानी कोठेच मोजली जात नाही, कारण न काढलेल्या चित्राची नोंद कोणत्याही वहीत नसते.

संगमनेरच्या विडी कामगार स्त्रियांना तर ही बेरीजही करता येत नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत विड्या वळल्या जातात. त्यात पद्मशाली घरांतल्या बायांचा वाटा मोठा आहे. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ चा कायदा झाला. कारखान्याच्या आवारात दिवसाचे ९ आणि आठवड्याचे ४८ तास अशी मर्यादा त्यात होती. घरी काम करणाऱ्या बाईच्या तासांना मात्र घड्याळ कधीच लागले नाही. ती हजारी मोजते, तास मोजत नाही. पान कापणे, तंबाखू भरणे, वळणे, दोरा गुंडाळणे, तोंड बंद करणे, ही बोटांची जी करामत एका मिनिटात कित्येकदा होते, ती पाहिल्यावर या बोटांना रेषा जमणार नाही असे म्हणण्याचे धाडस कोणी करू नये. त्याच घरांच्या दारापुढे रोज सकाळी रांगोळी उमटते. ती दुपारपर्यंत पुसली जाते आणि तिला कोणी कला म्हणत नाही.

येथे क्यूबाची आठवण होणे साहजिक आहे. हवानाच्या चिरूट कारखान्यांत १८६५ पासून एक प्रथा पडली. कामगार चिरूट वळत असताना एक वाचक उंच आसनावर बसून त्यांना वर्तमानपत्रे आणि कादंबऱ्या वाचून दाखवी. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. हात विकले गेले आहेत, कान अद्याप आपले आहेत, हे त्यांनी ओळखले होते. स्पॅनिश सत्तेनेही ते ओळखले आणि वर्षभरातच बंदी घातली. प्रथा तरीही टिकली. इंग्लंडमधल्या ॲशिंग्टनच्या खाण कामगारांनी १९३४ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. कामगार शिक्षण संघटनेच्या वर्गात त्यांना रॉबर्ट लायन नावाचा शिक्षक मिळाला. चित्रांविषयी व्याख्याने ऐकण्यापेक्षा स्वतः चित्रे काढावीत असे ठरले, आणि दिवसा कोळसा फोडणाऱ्यांनी खाणीतला अंधार, कुत्र्यांच्या शर्यती, स्वयंपाकघरातली बाई अशी आपल्याच जगण्याची चित्रे आठवड्यातून एका संध्याकाळी एकत्र बसून काढली. त्यांना कोणी प्रतिभावंत म्हणून शोधून काढले नव्हते. त्यांच्याकडे एक खोली होती, एक ठरलेली संध्याकाळ होती आणि संघटना होती.

हे वाचून काही कार्यकर्ते म्हणतील की, आधी भाकरी, मग चित्रे; किमान वेतनाचा प्रश्न पेटलेला असताना ही चैन कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. चळवळीने हाच आक्षेप गाण्याच्या आणि नाटकाच्या बाबतीत कधी घेतला नाही. १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे राहिले. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने महाराष्ट्र गाजवला. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करणारे निळू फुले त्याच पथकातून रंगमंचावर आले. माळ्याच्या हातातली झारी आणि नटाचा चेहरा यांत चळवळीने विरोध पाहिला नाही, उलट त्याला तालमीची जागा दिली, सोबती दिले, प्रेक्षक दिले. त्या तोलाचे चित्रपथक मात्र महाराष्ट्रात उभे राहिले नाही. रंगाऱ्याला चळवळीने एकच काम सांगितले: मोर्चाच्या आदल्या रात्री फलक रंगवून दे. त्याचे अक्षर वापरले, त्याची रेषा वापरली, आणि त्याला विचारले नाही की तुझ्या मनात कोणते चित्र आहे. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात गावोगाव पायी फिरून भुकेची चित्रे काढणारे चित्तप्रसाद बहुतांशी आपल्या आपणच शिकलेले होते. त्यांच्या पुस्तकाच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून जाळल्या, एवढे बळ त्या रेषेत होते. त्याच चित्तप्रसादांनी पुढची तीन दशके मुंबईत विपन्नावस्थेत काढली. सरकार ज्या चित्रांना घाबरते, त्या चित्रांची किंमत चळवळीला कळू नये, ही शरमेची गोष्ट आहे.

भाकरी आणि चित्र यांचा क्रम लावण्याचा अधिकार पोट भरलेल्यांनी स्वतःकडे घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. बारा तास राबून आलेला माणूस झोप मोडून चित्र काढतो, तेव्हा त्याने आपला क्रम आपणच लावलेला असतो.

तेव्हा संगमनेरमध्ये करण्यासारखे काय आहे? कामाचे तास वाढवण्याविरुद्धच्या प्रत्येक निवेदनात मोकळ्या वेळेचा हक्क स्वतंत्र कलम म्हणून आला पाहिजे. केवळ थकवा आणि अपघात यांची कारणे देऊन भागणार नाही. शाळांच्या भिंती आणि सार्वजनिक इमारतींची दर्शनी बाजू रंगवण्याची कामे ठेकेदाराकडे न जाता गावातल्या पेंटरांच्या गटाकडे, रोजाच्या नव्हे तर कसबाच्या दराने जावीत, असा आग्रह नगरपालिकेकडे आणि पंचायत समितीकडे धरता येईल. शंभर मुलांची अट काढून दोन-तीन छोट्या शाळांना मिळून एक कलानिदेशक द्यावा, ही मागणी शिक्षक संघटनांना बरोबर घेऊन करता येईल. आणि शासनाकडे बोट दाखवण्यापूर्वी एक गोष्ट कोणाच्याही परवानगीवाचून होऊ शकते. कामगार संघटनेच्या कचेऱ्या संध्याकाळी सातनंतर बहुधा कुलूपबंद असतात. त्यांपैकी एका कचेरीतले टेबल भिंतीला लावून, एक चांगला दिवा बसवून, विडी वळणाऱ्या बायांसाठी आणि रंगकाम करणाऱ्या तरुणांसाठी आठवड्यातून एक संध्याकाळ ती उघडी ठेवावी. कागदाचा आणि रंगाचा खर्च वर्गणीतून निघेल. पुढच्या मे दिनाचा फलक फ्लेक्सवर छापून आणायचा की त्या खोलीत रंगवायचा, हे मग त्या खोलीतल्या माणसांनाच विचारावे.